कुत्र्याची ॲलर्जी निघाली तर घरातला कुत्रा देऊन टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की घरी तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे, तुमचं नाक सारखं वाहतं, रात्री खोकला येतो, डॉक्टर 'कुत्र्याची ॲलर्जी असावी' म्हणाले आणि घरचे आता त्याला देऊन टाका म्हणून मागे लागलेत. त्याच्या जागी केस न गळणारी जात आणली तर चालेल का, असंही विचारलंय.

जातीचं आधी सांगते: नाही चालणार. ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यांची असते. केसांवरून ती घरभर पसरतात, एवढंच. पूडल घ्या नाहीतर शिह त्झू, लाळ आणि कोंडा कुणाला चुकलाय? 'ॲलर्जी होत नाही' म्हणून चढ्या भावाने पिल्लू विकणारा सरळ फसवतोय.

देऊन टाकण्याबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण मी एकदा देऊन टाकली होती.

चिंगी आमची गावठी कुत्री. पुण्यात धायरीला आमच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा तळहातावर मावायची. मला शिंकांचा त्रास लहानपणापासूनच, पण २०१९च्या पावसाळ्यात छातीत घरघर सुरू झाली. चिंगीने मनगट चाटलं की तिथे गांधी उठायच्या, हेही खरं. हे थोरल्या दिरांनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माणूस महत्त्वाचं की कुत्रं?" अशा प्रश्नाला सून काय उत्तर देणार? नवरा गप्प, सासूबाई गप्प. पुढच्याच रविवारी चिंगीला भोरकडच्या शेतावर सोडून आलो.

नंतरचे दोन महिने माझा त्रास वाढतच गेला. ऑगस्टमध्ये एकदा रात्री दीड वाजता नेब्युलायझर घ्यायला दवाखान्यात पळावं लागलं. घरात कुत्रं नाही, तरी ही अवस्था. भाऊजींचं म्हणणं, "केस राहिले असतील कुठेतरी."

मग छातीच्या डॉक्टरांनी त्वचेची चाचणी करायला लावली. हातावर पेनाने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्यापाशी एकेक थेंब टाकून सुईने हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. माझ्या हातावर सर्वांत मोठी गांध उठली ती गादीतल्या धुळीच्या किड्यांची, नऊ मिलिमीटर. दुसरी गाजरगवताची, सहा. कुत्र्याची चार. म्हणजे कुत्रं निर्दोष नव्हतं, पण मुख्य आरोपी मी रोज रात्री ज्यावर झोपत होते ती लग्नातली कापसाची गादी होती. चौदा वर्षांत तिला धड ऊनही दाखवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चिंगीला आणायला गेलो. गोठ्याच्या खांबाला दोन हात साखळीने बांधलेली होती. पट्ट्याखालची कातडी सोलली होती, बरगड्या मोजता येत होत्या. मी हाक मारली तर उठली नाही, फक्त शेपटीचं टोक जमिनीवर आपटत राहिली.

घरी आणल्यावर गादी बदलली. नव्या गादीला आणि उशांना घट्ट विणीचे, चेन असलेले अभ्रे घातले. चादरी दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. झोपायच्या खोलीत चिंगीला आजही प्रवेश नाही, दार दिवसभर बंद. सगळ्यांत जास्त फरक मला यानेच पडला. केर काढणं बंद करून ओल्या फडक्याने पुसायला लागलो. फिरून आली की पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसायचे, कारण आमच्या टेकडीच्या वाटेवर कमरेएवढं गाजरगवत आहे आणि परागकण तिच्या अंगावरून घरात येतात. केस विंचरायचं काम नवऱ्याचं, तेही गच्चीवर. आंघोळीचा उपयोग दोन-तीन दिवसच टिकतो, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. बेडरूममध्ये हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र ठेवता आलं तर ठेवा, पण गादी तशीच ठेवून यंत्र घेऊ नका.

तुमचा लॅब्राडोर नर असेल तर आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारा. काही लोकांना फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते. रक्ताच्या तपासणीत ते वेगळं काढता येतं. तसं निघालं तर मादी सहसा सोसते आणि नराची नसबंदी केल्यावर हे प्रथिन कमी होतं. त्वचेची चाचणी करणार असाल तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. इन्हेलर मात्र मनाने थांबवू नका.

भाऊजींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. कुत्रं गेल्यावरही त्याची प्रथिनं सोफ्यात, गालिच्यात, गादीत कित्येक महिने राहतात. म्हणजे माझ्या त्या दोन महिन्यांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं, 'केस राहिले असतील' हे अगदीच चूक नव्हतं. पण चाचणीच्या आधी शिक्षा सुनावली, हे मी आजही त्यांच्या तोंडावर म्हणते.

आणि तुम्हाला दमा असेल, वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्या लागत असतील, किंवा घरात दम लागणारं लहान मूल असेल, तर माझ्या अनुभवावर जाऊ नका, डॉक्टर म्हणतील ते करा. ॲलर्जी माहीत असून ज्यांनी अजून कुत्रं आणलेलं नाही त्यांनी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजेक्शनचे किंवा जिभेखालच्या थेंबांचे उपचार असतात, पण ते तीन ते पाच वर्षं चालतात आणि कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत.

सगळं करूनही द्यायची वेळ आलीच, तर 'शेतावर मोकळा राहील' या शब्दावर देऊ नका. आधी स्वतः जाऊन या, तो रात्री कुठे झोपणार ते बघा, आणि दिल्यावर महिन्याभराने न सांगता परत एकदा जा.