वाचकांचे प्रश्न : लाल खडकांच्या मुलखात टेंट कुठे लावायचा?

मागच्या अंकात यूटा राज्यातल्या मोआबबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर कॅम्पिंगचे इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही डेन्व्हरला राहतो. एप्रिलच्या शेवटी चार रात्री मोआबला जायचंय, सोबत भारतातून आलेले सासू-सासरे (दोघंही पासष्टीच्या पुढचे) आणि आठ वर्षांचा मुलगा. आर्चेस नॅशनल पार्कमधलं डेव्हिल्स गार्डन फुल दाखवतंय. व्ह्यू एकदम भारी हवा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन काय उपयोग. दुसरं कुठलं घेऊ?

उत्तर : डेव्हिल्स गार्डन नाही मिळालं म्हणून हिरमुसू नका. आर्चेसच्या आत ते एकच कॅम्पग्राउंड आहे, साईट्स फक्त ५१, मार्च ते ऑक्टोबरचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि एप्रिलच्या तारखा तर बघता बघता जातात. रद्द झालेल्या साईट्स मात्र परत दिसायला लागतात, त्यामुळे रोज एकदा बुकिंगचं पान उघडून बघत राहा, विशेषतः रविवार ते गुरुवारच्या रात्री.

आता व्ह्यूबद्दल. सगळे विचारतात की तिथून काय दिसतं, मी विचारते किती वाजता दिसतं. ह्या खडकाचा लाल रंग म्हणजे वाळूच्या कणांवर बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड, गंज म्हणा हवं तर, आणि दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर असताना तोच खडक फिका विटकरी, सपाट दिसतो, पण सूर्य खाली उतरला की आतून निखारा पेटवल्यासारखा होतो. दिवसभर तुम्ही साईटवर नसताच, भटकत असता. साईटवर असता ते संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी आठपर्यंत. म्हणून साईट निवडताना नकाशा उघडा आणि बघा की समोरचा कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे. पश्चिमेकडे तोंड असेल तर संध्याकाळ तुमची, पूर्वेकडे असेल तर सकाळ तुमची. यूटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत काठावरच्या कॅम्पग्राउंडमधून ते हातमोज्यासारखे दोन सुळके पूर्वेला दिसतात, म्हणजे पहाटे सूर्य त्यांच्या मागून येतो आणि सुळके काळे, पण संध्याकाळी तेच सुळके असे लाल होतात की लोक बोलता बोलता गप्प होतात. जागा तीच.

दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, की ह्या भागात मोठा व्ह्यू आणि आडोसा एका जागी फार क्वचित मिळतो. कड्याच्या वर, पठारावर गेलात की क्षितिजापर्यंत सगळं दिसतं पण वारा थेट अंगावर, आणि वसंतात इथला वारा फार वाईट, दुपारी सुरू होतो आणि वाळू घेऊन येतो. आम्ही एकदा पठारावर अगदी मोकळी साईट हौसेने घेतली होती, जितकी उघडी तितकी छान असं वाटून. रात्री अकराला वारा सुटला, वाळूत ठोकलेल्या खुंट्या एकेक करून उपटून आल्या, टेंटचा एक खांब मोडला आणि आम्ही चौघं पहाटेपर्यंत गाडीत बसून होतो, दातांखाली वाळू करकरत होती, झोपायच्या पिशव्यांच्या शिवणीतून ती वाळू पुढे दोन ट्रिपपर्यंत निघत राहिली. तेव्हापासून मी साईटचे फोटो बघताना आधी ज्युनिपरची झाडं शोधते. पाचसहा फुटांची बुटकी झाडं असतात, पण टेंटच्या वाऱ्याकडच्या बाजूला दोन जरी असली तरी रात्र निभते.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं. पहिल्या दोन रात्री डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क. मोआबपासून साधारण तीस मैल, कड्यावरून खाली २००० फुटांवर कोलोरॅडो नदी वळसा घेऊन जाते ते दृश्य सासू-सासऱ्यांना गाडीतून उतरून चार पावलांवर बघता येतं, चढउतार नाही. साईट्स अगदी काठावर नाहीत, त्यामुळे मुलाची धास्ती नाही, आणि काठापर्यंत चालत जायला पायवाटा आहेत. तिथे यर्टही मिळतात, म्हणजे गोल कायमस्वरूपी तंबू, आत बंक बेड आणि हीटर. सासू-सासऱ्यांसाठी यर्ट मिळाला तर डोळे झाकून घ्या, कारण एप्रिलमध्ये खाली मोआबलाच रात्री पाच-सहा अंश सेल्सियस होतं, वर आणखी गार, आणि पासष्टीनंतर जमिनीवर झोपून गुडघे सकाळी साथ देत नाहीत. यूटाच्या स्टेट पार्कचं बुकिंग चार महिने आधी उघडतं, सहा नाही, त्यामुळे तुम्हाला अजून संधी असेल. एक लक्षात ठेवा, वर पाणी टँकरने येतं, त्यामुळे सगळे कॅन मोआबमध्ये भरून मगच चढा.

उरलेल्या दोन रात्री नीडल्समध्ये, म्हणजे कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या दक्षिणेकडच्या भागात. हे मोआबपासून सुमारे ७५ मैल लांब, म्हणून लोक टाळतात, आणि माझ्या मते चूक करतात. २६ साईट्स, बऱ्याचशा मोठमोठ्या गोलसर खडकांच्या कुशीत, पाठीशी खडक आणि समोर मोकळं माळरान. मघाशी म्हटलं ना व्ह्यू आणि आडोसा एकत्र मिळत नाही, तर त्याला हा अपवाद. दुपारी खडकाची सावली, आणि संध्याकाळी तोच खडक दिवसभरचं ऊन साठवून ठेवल्यासारखा हाताला गरम लागतो, पाठ टेकून बसायला इतकं बरं वाटतं. पाणी आहे, काही साईट्सचं बुकिंग होतं, काही आधी येईल त्याला. एवढ्या लांब जाऊन साईट नाही मिळाली तर वृद्धांचे हाल होतील, म्हणून बुकिंग असेल तरच जा.

प्रश्न : मोआबला नदीकाठची कॅम्पग्राउंड्स स्वस्त आणि बुकिंगशिवाय मिळतात असं ऐकलंय. खरंच मिळतात का? आम्ही दोघंच आहोत, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार.

उत्तर : मिळतात, पण शुक्रवारी रात्री नाही. हायवे १२८ वर कोलोरॅडो नदीच्या कडेने गूज आयलंड, ग्रँडस्टाफ, ड्रिंक्स कॅन्यन, हॅल कॅन्यन, ओक ग्रोव्ह, बिग बेंड अशी ओळीने कॅम्पग्राउंड्स आहेत, सरकारी जमिनीवरची, बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे ह्या जमिनी सांभाळणारं केंद्र सरकारचं खातं) चालवतं. आधी येईल त्याला साईट, पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे त्यामुळे सुटे डॉलर जवळ हवेत, टॉयलेट खड्ड्याचं, पाणी अजिबात नाही. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुरुवारी दुपारपर्यंतच भरून जातात. जमलं तर गुरुवारची सुट्टी टाका आणि सकाळी आठ ते दहाच्या मधे पोचा, लोक टेंट गुंडाळत असतात, गाडी हळू चालवत बघत जायचं आणि कोणी आवरताना दिसलं की नम्रपणे विचारायचं. शुक्रवारीच निघणं भाग असेल तर पहिली रात्र मोआबच्या आधी कुठेतरी काढा आणि शनिवारी पहाटे या.

ह्या दरीत दोन्ही बाजूला उंच भिंती, त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्त असे दिसतच नाहीत, फक्त समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेला आधी केशरी रेघ उमटते आणि मग ती हळूहळू खाली उतरत येते, तुम्ही अजून गार सावलीत चहा करताय आणि वर भिंत पेटलेली. मला हे कड्यावरच्या व्ह्यूपेक्षाही आवडतं. शिवाय नदीचं पाणी, मोठे कॉटनवुड वृक्ष. फक्त त्या झाडांच्या वाळक्या फांद्यांखाली टेंट लावू नका, ह्या झाडाची फांदी वारा नसतानाही मोडून पडते. आणि मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बारीक चावऱ्या माश्या असतात, कानामागे आणि केसांच्या रेषेत चावतात, डोक्यावरून घ्यायची जाळी नक्की न्या.

दोघंच आहात तर आणखी एक जागा सुचवते. त्याच रस्त्याने वीसेक मैल पुढे गेल्यावर उजवीकडे कच्चा रस्ता फुटतो तो फिशर टॉवर्सला जातो, तिथे फक्त पाच साईट्स आहेत, टेंटवाल्यांसाठीच. वर टायटन नावाचा ९०० फुटी सुळका, आणि ही सगळी रांग संध्याकाळच्या उन्हात अशी रंगते की मेणबत्त्या वितळून थिजल्यासारख्या दिसतात. पाचांत जागा मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका, नाहीच मिळाली तर जवळच नदीवर हिटल बॉटम आहे.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला जुलैशिवाय सुट्टीच नाही. चालेल का?

उत्तर : मोआबच्या तळात टेंटमध्ये, लहान मुलं घेऊन, जुलैत? मी नाही म्हणेन. दुपारी ३८ अंशाच्या वर जातं आणि खडक तापलेले असल्याने रात्रीही टेंटमध्ये घुसमटतं. पण ट्रिप रद्द करू नका, उंची बदला. मोआबच्या मागेच ला साल पर्वत आहे, तिथे वॉर्नर लेक कॅम्पग्राउंड सुमारे ९४०० फुटांवर, अ‍ॅस्पेनची झाडं, छोटं तळं, रात्री जॅकेट लागतं. मुक्काम तिथे करा, आणि लाल खडक बघायला पहाटे उतरा, अकराच्या आत परत.

किंवा कॅपिटल रीफ पार्कमधलं फ्रूटा. मॉर्मन ह्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी १८८० च्या दशकापासून लावलेल्या फळबागा अजून जपल्यात, त्यांच्या मधे हिरवळीवर ७१ साईट्स, आणि चारी बाजूंनी लाल कडे. बुकिंग इथेही सहा महिने आधीच. जुलैत साधारण जर्दाळूचे दिवस, बाग तोडणीसाठी उघडी असल्याचा फलक दिसला की मुलांना घेऊन आत जायचं, तिथेच खाल्लेल्या फळाचे पैसे घेत नाहीत, घेऊन जायचं तर वजनावर. दुपारी ऊन तिथेही आहे, पण सावलीत बसता येतं, आणि ह्या मुलखात झाडाची सावली म्हणजे काय हे तिथे गेल्यावरच कळतं.

प्रश्न : कॅम्पग्राउंड नकोच, मोकळ्यावर फुकट राहायचंय. एका मित्राने कोरड्या ओढ्याच्या पात्रातला फोटो पाठवला, मऊ सपाट वाळू, वाराही लागत नाही म्हणे. तिथे टेंट लावू का?

उत्तर : नाही. कृपा करून नाही. त्या कोरड्या पात्राला इथे वॉश म्हणतात, आणि वाळू तिथे मऊ सपाट आहे ती पाण्यानेच आणून पसरलीय. उघडा खडक पाणी पीत नाही, त्यामुळे वीस मैलांवर पाऊस पडला आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी लोंढा येतो, चिखल, ओंडके, दगड घेऊन. जुलै ते सप्टेंबर सगळ्यात धोक्याचे. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये दोर लावून उतरणारे सात जण असेच गेले. पात्राच्या बाहेर, उंचवट्यावर, आधीच टेंट लावून वापरलेल्या टणक जागी राहा.

फुकट आणि सुंदर हवं असेल तर आग्नेय यूटातली व्हॅली ऑफ द गॉड्स. १७ मैलांचा कच्चा रस्ता, कडेकडेने सुळके, आधीच्या लोकांनी वापरलेल्या जागा दिसतात तिथेच थांबायचं. पाणी नाही, टॉयलेट नाही, कचरापेटी नाही. माणशी रोज एक गॅलन पाणी हिशोबात धरा, आणि विष्ठेसाठी मिळणाऱ्या खास पिशव्या न्या, वापरून परत आणा, वाळवंटात पुरलेलं लवकर कुजत नाही. पावसानंतर त्या रस्त्यावर जाऊ नका, लाल चिखल चाकाला असा चिकटतो की गाडी जागची हलत नाही.

आणि एक विनंती, ही सगळ्यांनाच. जमिनीवर काळसर, खडबडीत, बुरशी आल्यासारखा पापुद्रा दिसतो तो जिवंत असतो. गुडघ्यावर बसून नीट बघा, इंचभर उंचीचे काळे मनोरे दिसतील, सूक्ष्म जीवांच्या धाग्यांनी वाळूचा कण न् कण बांधून ठेवलेला, म्हणून तर वाऱ्याने सगळं उडून जात नाही. एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं, दशकंही लागतात. टेंटपासून टॉयलेटपर्यंत शॉर्टकट मारताना हाच तुडवला जातो. मुलांना खडकावरून किंवा वाळूच्या वाटेवरून चालायला शिकवा, एकदा दाखवलं की तीच मोठ्यांना ओरडायला लागतात.

प्रश्न : आकाशगंगा बघायची आहे, कुठलं कॅम्पग्राउंड?

उत्तर : जागेपेक्षा तारीख बघा. अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस धरा, पौर्णिमेला कुठेही गेलात तरी आकाश दुधाळ असतं (खडक मात्र चांदण्यात फार सुरेख दिसतात, तो वेगळा आनंद). डेड हॉर्स पॉइंट आणि गॉब्लिन व्हॅली ह्या दोन्ही स्टेट पार्कना २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय. मला स्वतःला कॅन्यनलँड्समधलं विलो फ्लॅट आवडतं, १२ साईट्स, पाणी नाही, बुकिंग नाही, पण ग्रीन रिव्हर ओव्हरलूक चालत जाण्याइतका जवळ. एप्रिलमध्ये आकाशगंगेचा दाट भाग पहाटे तीनच्या सुमाराला वर येतो, तेव्हा गजर लावून झोपा आणि हेडलँप लाल प्रकाशावर ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. निघताना खाण्याचा डबा गाडीत बंद करून जा, उजाडताच डोमकावळे येतात आणि पिशवीची चेन चोचीने उघडतात, माझ्या डोळ्यांदेखत उघडलीय.