२५ हजारांत पहिला बेस: नवा घ्यावा, वापरलेला घ्यावा, की पार्ट्स आणून स्वतः जुळवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, नोकरी सांभाळून बेस (खालच्या स्वरांची गिटार) शिकायचाय, बजेट २५ हजार. नवा घ्यावा, कुणाचा वापरलेला घ्यावा, की पार्ट्स मागवून घरी जुळवावा? पुढे अदलाबदल करून वरचा बेस मिळतो का? आणि तारा चार की पाच?

माझं उत्तर: वापरलेला, चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला). जुळवायची हौस दुसऱ्या बेसवर भागवा.

बेसमध्ये नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, सोडून जवळजवळ सगळं सहज बदलता येतं. पिकअप (तारांची थरथर टिपणारं चुंबक), पॉट (आवाजाची बटणं), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), खुंट्या, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), सगळं मिळतं आणि स्क्रूड्रायव्हर नि सोल्डरिंग आयर्न असली की घरी बसवता येतं. नेक वाकडा निघाला की मात्र बाकीचं कितीही भारी असो, वाजवताना रोज चिडचिड. म्हणून विकत घ्या, जुळवा नाहीतर बदली करा, पैसे नेकचे मोजायचे. रंगाचे नाहीत, हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) नावाचेही नाहीत.

अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो असाच होता: लाकडाची फळी, तिला चार स्क्रूंनी आवळलेला नेक, ३४ इंचांची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी). १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे झाले आणि १९६० मध्ये जॅझ बेस आला. दुकानात आज टांगलेले बहुतेक बेस याच दोघांच्या वळणाचे. हौशी लोकांची सगळी जुळवाजुळव आणि अदलाबदल चालते ती त्या चार स्क्रूंच्या जिवावर.

नव्यात तुमच्या बजेटला यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जिओ, कॉर्ट अ‍ॅक्शन हा वर्ग येतो. यातला कुठलाही वाईट नाही. पण सगळे पैसे बेसमध्येच गेले तर अ‍ॅम्प कशाचा घेणार? मित्राच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये बेस लावून मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटेल. हेच बेस एक-दोन वर्षं वापरलेले असतील तर माझ्या हिशेबाने नव्याच्या ६०-७० टक्क्यांत सुटायला हवेत. उरलेल्यात तारांचा नवा सेट, एक सेटअप (नेक-ब्रिजची जुळणी) आणि हेडफोनवर वाजवायची छोटी सोय बसते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पहिलं वर्ष हेडफोनवरच जाणार आहे.

आता वापरलेले बेस येतात कुठून? पुण्यात मे-जूनमध्ये इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं गाशा गुंडाळतात तेव्हा. आयटीतला कुणी परदेशी निघतो तेव्हा. वांद्रे, वसई, गोव्याकडे चर्चमध्ये वाजवणारे नवा घेतात तेव्हा. आणि ऑर्केस्ट्रावाले. माझा कल ऑर्केस्ट्रावाल्याच्या बेसकडे. दिसायला तो भिकार असतो: ब्रिजला घामाचा गंज, कडेला पोपडे, मांडवातली धूळ पॉटमध्ये. पण नेक सरळ असतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. याउलट कॉलेजवाल्याचा बेस चकाचक, फक्त दोन वर्षं कपाटामागे बॅगेत उभा. चार तारांची मिळून ७०-८० किलोंची ओढ त्या नेकवर दिवसरात्र चालू असते आणि ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, कुणी हातही लावलेला नसतो.

बेस हातात आला की लगेच वाजवायला घेऊ नका. हेडस्टॉक डोळ्याजवळ आणा, एक डोळा मिटा आणि नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघा. दोन्ही कडा बघायच्या. एक सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर नेकला पीळ आहे. पीळ ट्रस रॉडने निघत नाही. चहा प्या आणि निघा.

मग ई (सर्वांत जाड) तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आणि दुसऱ्या हाताने, बॉडी जिथे लागते तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती राहते? व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास, असेल तर उत्तम. तार फ्रेटला टेकलेली असेल तर नेक मागे गेलाय, तीन-चार कार्डं आरामात जात असतील तर पुढे. दोन्ही ट्रस रॉडने सुधारतं, पण रॉडमध्ये फिरायला जागा शिल्लक हवी. विकणाऱ्याला विचारून, त्याच्यासमोर, योग्य मापाची अ‍ॅलन की लावून पाव फेरा सैल करा आणि परत आणा. रॉड शेवटपर्यंत आवळलेला आणि तरीही नेक पुढे झुकलेला, असं असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. ‘फक्त सेटअप हवाय, बाकी एक नंबर’ या जाहिरातीमागे पुष्कळदा हेच लपलेलं असतं.

नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर उन्हाळ्यात लाकूड आकसलंय. पुण्या-नागपूरकडे हे हमखास, आणि कानशीने घासून जातं. कोकणपट्टीतल्या बेसचा त्रास उलटा: पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गंज चढतो, जूनमध्ये नीट असलेला बेस ऑगस्टमध्ये खडखडायला लागतो. मुंबईहून जुलैमध्ये आणलेला बेस आठवडाभर घरी तसाच ठेवा, मगच रॉडला हात लावा.

आता वाजवा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. कंटाळवाणं आहे, विकणारा घड्याळाकडे बघेल, बघू दे. जी (G, सर्वांत बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एखादा स्वर लवकर मरतो का ऐका. हा डेड स्पॉट चांगल्या महागड्या बेसमध्येही सापडतो, त्यामुळे सौदा मोडायचं कारण नाही. भाव कमी करायचं मात्र आहे. तारा जुन्या असतील तर आवाज बोदा येणारच, त्यावरून बेसला नावं ठेवू नका. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवायचा ते वर्षानुवर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवरच.

इलेक्ट्रिकलचं फार मनावर घेऊ नका. पॉट खरखरले तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो, जॅक हलला तर सोल्डर. जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते आणि दोन्ही पूर्ण उघडले की जाते, हा बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं बरोबर. हात लावल्यावर वाढत असेल तर वायरिंग किंवा त्या घराचं अर्थिंग गडबड आहे, आधी प्लग काढा. अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर मागचं झाकण उघडायला सांगा. आत ९ व्होल्टची बॅटरी गळून तांब्यावर हिरवं चढलेलं दिसलं की प्रीअँपचे (बॅटरीवर चालणाऱ्या आतल्या सर्किटचे) पैसे भावातून वजा करा. पहिला बेस पॅसिव्ह घ्या म्हणतो ते याचसाठी: केबल खोचलेली राहिली म्हणून बॅटरी उतरणार नाही आणि आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

‘ओरिजिनल रोझवूड फ्रेटबोर्ड’ (फ्रेट बसवतात ती नेकवरची लाकडी पट्टी) म्हणून कुणी दोन हजार चढवून मागितले तर देऊ नका. शिसवीच्या, म्हणजे रोझवूडच्या, जातकुळीतल्या सगळ्या लाकडांवर २०१७ च्या सुरुवातीला साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने परवाने लावले, तेव्हा कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या, माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ दिसतं ते म्हणजे आपल्याकडचा ऐन. टणक लाकूड आहे, फ्रेटबोर्डला चांगलं चालतं.

हेडस्टॉकवर फेंडर लिहिलंय म्हणूनही भाळू नका. स्क्वायरच्या नेकवर फेंडरचा स्टिकर लावणं दहा मिनिटांचं काम आहे. बिल मागा, नसेल तर निदान जुने फोटो. बिनबिलाचा आणि फारच स्वस्त असेल तर तो कुणाचा तरी चोरलेला असू शकतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये व्हॅनमधून चोरीला गेला तो परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. इतकी वर्षं तो कुणाच्या तरी घरातच होता.

आता जुळवण्याबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे, आणि खड्डाही.

स्वस्तात पडेल म्हणून जुळवायला जाऊ नका, पडत नाही. बॉडी, नेक, पिकअप, ब्रिज, खुंट्या वेगवेगळं घेतलं, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरली, की त्याच दर्जाचा तयार बेस त्याहून कमी पैशात येतो. विकायला काढलात तर घेणारा त्याला ‘जुगाड’ म्हणतो आणि पार्ट्सचीही किंमत देत नाही. तरी करायचंच असेल तर नेकचा टाचेकडचा भाग आणि बॉडीतला खळगा यांची रुंदी मागवण्याआधी जुळवा. फेंडर पद्धतीत ती सुमारे अडीच इंच, ६३ मिलिमीटरच्या जरा वर. विकणारा ‘स्टँडर्ड साइझ’ म्हणाला तरी कॅलिपर लावलेला फोटो मागा. एक-दीड मिलिमीटरची ढिलाई राहिली की नेक बाजूला सरकतो आणि जी (G) तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरायला लागते.

ब्रिजची भोकं पाडताना घाई नको. नेक चार स्क्रूंनी बसवा. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणा आणि चिकटपट्टीने डकवा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांचं कडेपासूनचं अंतर सारखं येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवत राहा. मग लांबी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच, तिथून पुढे तेवढंच. जी (G) तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे आणून ३४ इंचांवर ठेवा. बाकीची, विशेषतः ई तारेचं, थोडी मागे जाणार आहेत, त्यासाठी स्क्रूला जागा हवी. एवढं जुळल्यावरच पेन्सिलने खूण करायची. मेपलमध्ये स्क्रू घालताना आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांना मेण नाहीतर साबण चोळा, नाहीतर त्याचं डोकं तुटून हातात येतं.

बॉडी ओळखीच्या सुताराकडून करून घ्यायची असेल तर तो सागच सुचवेल, त्याच्या लेखी त्याहून वरचं लाकूड नाही. पण साग जड पडतो आणि तेलकट असल्यामुळे त्यावर गोंद नि रंग नीट धरत नाही. वाळलेलं शिवण मिळालं तर बघा, हलकं असतं आणि फारसं हलत नाही. नेक मात्र सुताराकडून करून घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. फ्रेटच्या खाचा आणि ट्रस रॉडची नळी हे वेगळंच काम आहे.

अदलाबदल जरूर होते, आपल्याकडे बरीच होते. पण दोन्ही बेसची किंमत आजच्या वापरलेल्या बाजारभावाने लावायची. समोरचा स्वतःच्या बेसला एमआरपी लावतो आणि तुमच्याला वापरलेल्याचा भाव, तिथे नमस्कार करावा. तासावर मिळणारी प्रॅक्टिस रूम घ्या, भाडं अर्धं-अर्धं, दोघांनी एकाच अ‍ॅम्पवर दोन्ही बेस वाजवायचे, वरचे पैसे तिथेच. बाहेरगावी पाठवायचा असेल तर तारा सैल करा, नेक काढून वेगळा गुंडाळा आणि दोन्ही एका छोट्या खोक्यात भरा. लांब खोकं कुरिअरवाले आडवं-उभं कसंही आपटतात. पिकअप वगैरे बदललेत तर मूळचे फेकू नका. विकताना मूळचे परत बसवायचे आणि नवे वेगळे विकायचे, जास्त पैसे सुटतात.

राहिला पाच तारांचा प्रश्न. खालच्या बी तारेचा स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास असतो, ई तारेचा ४१. स्वस्त बेसवर ती बी तार सैल दोरीगत लोळते, आणि घरच्या छोट्या स्पीकरमधून तो स्वर पुरता येतही नाही. तारांचा सेटही महाग. ऑर्केस्ट्रात किंवा चर्चमध्ये वाजवायला लागलात आणि गाणी खालच्या पट्टीत येऊ लागली की तेव्हा बघा. हुक्की आलीच तर पाच तारांच्या सेटमधल्या खालच्या चार लावून चार तारांचाच बेस बी-ई-ए-डी असा ट्यून करता येतो. त्यासाठी मूळचा नट खरवडू नका. दुसरा घेऊन त्याच्या खाचा रुंद करा, आणि तारा चढवल्यावर व्हिजिटिंग कार्ड घेऊन नेक पुन्हा एकदा तपासा.