आधी हुद्दा बघा, मग पगार

खानापूरहून एका आईचं पत्र आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा झाली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागासाठी मुलाखत झाली, तिथं "लग्न कधी?" असं विचारलं आणि पगार 18 हजार सांगितला. तिच्याच वर्गातल्या मुलाला त्याच कामाला 20 हजार. होकार द्यावा का?

ताई, होकार देण्याआधी नेमणूकपत्र लेखी मागा. त्यात हुद्दा, शिफ्ट, एकूण पगार आणि पीएफ, ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात हवी. हुद्दा नीट वाचा. व्हर्नियर, मायक्रोमीटर घेऊन दोघंही तेच माप घेणार, पण कागदावर मुलगा "इन्स्पेक्टर" आणि मुलगी "हेल्पर" असं होतं. मग काम वेगळं म्हणून फरक खपवता येतो, आणि पुढं अनुभवाच्या दाखल्यावरही हेल्परच राहतं. माझ्या मते ते नुकसान दोन हजारांहून मोठं.

वेतन संहिता 2019 चं कलम 3 सांगतं की एकाच मालकाकडं सारखं किंवा त्याच स्वरूपाचं काम असेल, तर बाई-पुरुष म्हणून पगारात फरक करता येत नाही, भरतीतही नाही. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी हवी. म्हणून तुलना करताना दोघंही फ्रेशर आहेत ना, तो मुलगा अप्रेंटिस तर नाही ना, हे बघा. अप्रेंटिसला विद्यावेतन असतं, पगार नव्हे.

आता लग्नाचा प्रश्न. त्यामागं बहुतेक बाळंतपणाच्या रजेच्या खर्चाची धास्ती असते. पण 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. मालक 3.25 टक्के भरतो, बाई असो वा पुरुष, तेवढेच. अटी पूर्ण झाल्या की 26 आठवड्यांचे पैसे ईएसआय देतं, मालक नाही. बदली माणूस शोधायची अडचण मात्र खरी आहे. मुलीनं न चिडता हे सांगावं आणि बोलणं कामाकडं वळवावं.

पगाराबद्दल तिनंच एचआरला मेल करावा: "याच कामाच्या नव्या इन्स्पेक्टरला किती पगार आहे? माझा वेगळा असेल तर कारण कळवावं." फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही. उत्तर टाळलं तरी तो मेल, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. बेळगावच्या कामगार खात्यात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळं रुजू होऊनही तो करता येतो. फरक भरून काढण्यासाठी त्या मुलाचा पगार कमी करायलाही कायद्याची मनाई आहे. वर्गमित्राला हे आधीच सांगा, म्हणजे तो आपला आकडा लपवणार नाही.