बँकेच्या नावाची नकली वेबसाइट: आधी पान बंद करा, मग नावाचा दावा

नमस्कार मॅडम. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. लातूर जिल्ह्यातली नागरी सहकारी बँक. बँकेच्या नावाला 'केवायसी' जोडून कुणीतरी एक डॉट कॉम आणि एक डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलंय. दोन्हींवर तुमच्या लॉगिन पानाची हुबेहूब नक्कल आहे, आणि ऐन अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर यायच्या दिवसांत खातेदारांच्या मोबाइलवर त्याची लिंक जातेय. संचालक मंडळात कुणी म्हणतं पोलिसांत द्या, कुणी म्हणतं संभाजीनगरच्या खंडपीठात जा, कुणी म्हणतं ते डोमेनच आपल्या नावावर करून घ्या.

तिन्ही मार्ग खरे आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. डोमेन आपल्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया सुरळीत चालली तरी साधारण दोन महिने जातात. तेवढ्यात अहमदपूर-औशाकडच्या शेतकऱ्याचं अनुदान येऊन गेलेलंही असेल. म्हणून दाव्याचा विचार करायच्या आधी ते पान बंद पाडा. बँकांमध्ये नेमकं उलटं होताना मी पाहतो. वकीलपत्र, ठराव, मंडळाची बैठक यात पंधरवडा जातो आणि नकली पान तोवर चालूच राहतं.

पान बंद करण्याआधी पुरावा मात्र धरून ठेवा. पत्त्याची पट्टी, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, खातेदारांना आलेले मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, डोमेन कधी आणि कोणत्या रजिस्ट्रारकडं (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) नोंदलं याची हूइज नोंद (डोमेन कुणाचं याची सार्वजनिक नोंद), एवढं एका फोल्डरमध्ये. पोलिसांत किंवा कोर्टात हे द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्यानं स्क्रीनशॉट घेतला त्याच्याकडून ते त्याच दिवशी करून घ्या. पुढं तो कर्मचारी दुसऱ्या शाखेत गेला की सही मिळवायला फेऱ्या माराव्या लागतात.

मग तक्रारी, एकाच दिवशी सगळीकडं. डॉट कॉमच्या रजिस्ट्रारला लिहिताना 'आमच्या ट्रेडमार्कचं उल्लंघन झालंय' अशी सुरुवात करू नका. ते लगेच 'कोर्टाचा आदेश आणा' म्हणतात. 'हे फिशिंग आहे, हा पुरावा' असं लिहा. फिशिंग म्हणजे नकली पान दाखवून पासवर्ड-ओटीपी काढून घेणं. आयकॅन ही जगभरच्या डोमेनची व्यवस्था पाहणारी संस्था. तिच्या रजिस्ट्रारांशी असलेल्या करारात झालेली दुरुस्ती ५ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कारवाई करण्याजोगा पुरावा दिला तर फिशिंगचं डोमेन थांबवण्यासाठी पावलं उचलणं रजिस्ट्रारवर आता बंधनकारक आहे. त्या दुरुस्तीचा उल्लेख पत्रात करा, उत्तराचा सूर बदलतो. डॉट इन या करारात येत नाही, म्हणून तिथं रजिस्ट्रारसोबत निक्सीलाही, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवा. होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर ते पान आहे) वेगळी तक्रार द्या आणि गुगल सेफ ब्राउझिंगला पत्ता कळवा, म्हणजे पान उघडणाऱ्याला लाल इशारा दिसू लागतो. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायची मुदत घटना लक्षात आल्यापासून ६ तासांची आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांतल्या यादीत फिशिंगही येतं, ही बाब लहान बँकांच्या लक्षात राहत नाही.

खातेदारांना १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर सांगा, आणि फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून भागवू नका. शाखेच्या दारावर, मोंढ्यात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लावा. लवकर कळवण्याला पैशाचं मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. ज्या माणसाची सोयाबीन पाण्यात गेली आणि आलेलं अनुदानही गेलं, त्याला हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली पोलीस तक्रारही आजच द्या.

आता डोमेनच्या दाव्याकडं. डॉट कॉमसाठी युडीआरपी हे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायचं धोरण १९९९ पासून आहे. त्याखाली जिनिव्हाच्या वायपोकडं (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) किंवा मान्यता असलेल्या दुसऱ्या संस्थेकडं तक्रार करता येते. वायपोकडं एका डोमेनपासून पाच डोमेनपर्यंत एका पॅनेलिस्टसाठी (निर्णय देणारा तज्ज्ञ) १५०० डॉलर आणि तिघांच्या पॅनेलसाठी ४००० डॉलर फी आहे, वकिलाचा खर्च वेगळा. सुनावणीला कुणी जात नाही, सगळं कागदावर चालतं. समोरच्याला उत्तरासाठी २० दिवस मिळतात आणि फिशिंगवाला बहुतेक वेळा उत्तर देतच नाही. त्याचं नाव हूइजमध्ये झाकलेलं असलं म्हणून अडू नका. तक्रार दाखल झाली की संस्था रजिस्ट्रारकडून खरी माहिती मागवते आणि डोमेन गोठवलं जातं, त्यामुळं ते मधल्या मध्ये दुसऱ्याच्या नावावर जात नाही.

सिद्ध करायच्या गोष्टी तीन. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी सारखं किंवा गोंधळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, त्या माणसाचा त्या नावावर हक्क किंवा रास्त संबंध नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं नोंदवलं आणि वापरलं. यातला हेतू फिशिंगच्या प्रकरणात सहज सिद्ध होतो. तुमच्या लॉगिन पानाची नक्कल हाच त्याचा पुरावा. 'केवायसी', 'लॉगिन', 'ऑनलाइन' असे शब्द जोडल्यानं नाव वेगळं ठरत नाही, हे पॅनेलांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. आणि पान बंद झाल्यावर डोमेन नुसतं पडून राहिलं तर दावा ढिला पडेल, ही तुमच्या वकिलांची भीती अनाठायी आहे. ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्रा कंपनीच्या प्रकरणात २००० सालीच ठरलं की परिस्थिती तशी असेल तर न वापरता धरून ठेवलेलं डोमेनही वाईट हेतूचं मानता येतं. म्हणून आधी बंद करा, मग दावा करा, या क्रमानं काही बिघडत नाही.

डॉट इनसाठी अर्ज वेगळा, निक्सीकडं, आयएनडीआरपी या डॉट इनच्या तशाच धोरणाखाली. तिथं १९९६ च्या लवाद कायद्यानुसार लवाद नेमला जातो. वाईट हेतूनं नोंदवलं 'किंवा' वापरलं, यातलं एक सिद्ध झालं तरी तिथं चालतं. डॉट कॉमला दोन्ही लागतात. डॉट भारतलाही हेच धोरण लागू आहे. म्हणजे तुमच्याकडं दोन तक्रारी होतील, एकात दोन्ही बसणार नाहीत.

मागणी करताना डोमेन 'रद्द करा' म्हणू नका, 'आमच्या नावावर करा' म्हणा. रद्द झालेलं डोमेन पुन्हा बाजारात येतं आणि दुसरा कुणीतरी ते उचलतो. नुकसानभरपाई मात्र युडीआरपीत मिळत नाही.

मराठवाड्यातल्या बँका खऱ्या अडतात त्या पहिल्याच मुद्द्यावर, ट्रेडमार्कवर. आपल्याकडं बँकांची नावं देवीदेवतांची, संतांची, गावाची, थोर माणसांची. पाटीवर तीस वर्षं नाव आहे म्हणून ते आपलंच, असं संचालकांना वाटतं. सहकार खात्याची नोंदणी किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल, वित्तीय सेवांच्या वर्ग ३६ मध्ये, आणि दर दहा वर्षांचं नूतनीकरण झालेलं असेल, तर पहिला मुद्दा जवळपास संपला. तुमचं चिन्ह देवनागरीत आणि डोमेन रोमन अक्षरांत असलं तरी चालतं, उच्चाराप्रमाणं लिहिलेलं नाव सारखंच धरतात.

नोंदणी नसेल तर दार बंद होत नाही, पण मेहनत वाढते. इतकी वर्षं, इतक्या शाखा, इतके खातेदार, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, वार्षिक अहवाल या सगळ्यांवरून लोक हे नाव ऐकलं की तुमचीच बँक समजतात, हे दाखवावं लागतं. 'जिल्हा', 'नागरी', 'सहकारी' या शब्दांवर कुणाचाच हक्क नसतो, म्हणून नावातला जो भाग खास तुमचा आहे त्यावर भर द्या. आणि ट्रेडमार्कचा अर्ज आजच टाका. या प्रकरणात त्याचा आधार फारसा मिळणार नाही, कारण नुसता अर्ज म्हणजे हक्क नव्हे. पण पुढच्या वेळी हीच धावपळ करावी लागणार नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमच्याच नावाची पतसंस्था शेजारच्या जिल्ह्यात असते, तिनं दहा वर्षांपूर्वी सरळपणे डोमेन घेतलेलं असतं. तिच्यावर हे हत्यार उगारू नका. तिचा त्या नावाशी रास्त संबंध आहे, आणि नुसतं डोमेन हिसकावण्यासाठी तक्रार केली असं पॅनेलला दिसलं तर तसा शेरा निर्णयात नोंदवला जातो आणि तो सगळ्यांना वाचायला मिळतो. पतसंस्था स्वतःला 'बँक' म्हणवत असेल तर तो बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ चा विषय आहे, रिझर्व्ह बँकेला कळवा.

तसंच गावातल्या ज्या संगणकवाल्यानं वेबसाइट करून दिली, त्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि आता देखभालीच्या बिलावरून अडवून धरलंय, हे मला आपल्या भागात वारंवार दिसतं. राग येणं साहजिक आहे. पण ते प्रकरण कराराचं आहे. पॅनेल अशा भांडणात सहसा पडत नाही, कोर्टात जा म्हणतं. बिल चुकतं करून डोमेन लिहून घेणं तिथं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

खंडपीठाबद्दल. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात स्पष्ट केलंय. पण नोंदलेल्या ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयात करता येतो, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळं बँक जिथं व्यवसाय करते तिथंच, म्हणजे लातूरलाच. कोर्टाची वाट मी दोनच वेळा सुचवेन. एक, भरपाई किंवा तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तेव्हा. दुसरी, रोज नवं डोमेन उगवत असेल आणि अज्ञात माणसाविरुद्ध, 'अशोक कुमार' म्हणतात तसा, एकच व्यापक आदेश हवा असेल तेव्हा. दोन डोमेनसाठी मी आधी वायपो आणि निक्सीकडंच जाईन.

शेवटचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण तितकाच निकडीचा आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांसह सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं. ही डोमेन फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनं स्थापलेली तंत्रज्ञान संस्था देते आणि फक्त बँकांना, म्हणून खातेदाराला सांगायला सोपं झालं: पत्त्याचा शेवट पाहा. पण नवीन पत्ता मिळाला म्हणून जुन्या डॉट कॉमचं नूतनीकरण सोडून देऊ नका. शेकडो पासबुकांवर, कॅलेंडरांवर, जुन्या मेसेजांत तोच पत्ता छापलेला आहे. तो सुटला तर तुमचंच खरं नाव, तुमच्या ग्राहकांच्या ओळखीचं, फसवणाऱ्याला काही शे रुपयांत मिळेल. मग ते परत मागताना पॅनेल आधी विचारेल की तुम्हीच ते का सोडलं. जुनं डोमेन पुढची बरीच वर्षं भरून ठेवा, ते नव्या पत्त्याकडं वळवा, आणि ते बँकेच्या नावावर, बँकेच्या अधिकृत ईमेलवर नोंदलेलं आहे का हे उद्या कार्यालय उघडल्यावर पहिलं तपासा.

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र असेल तर वर्ग आणि नूतनीकरणाची तारीख इथं लिहा, खातेदारांची माहिती मात्र टाकू नका. त्यावरून तक्रारीत पहिल्या मुद्द्याची मांडणी कशी करायची ते सांगतो.