ऑल-सीझन, पण सीझन कुणाचे?

टायरवरच्या ‘ऑल-सीझन’, म्हणजे ‘सगळ्या ऋतूंचा’, या शब्दाचा अर्थ न्यू जर्सीत एक, म्युनिकमध्ये दुसरा, आणि पुण्यातल्या टायरच्या दुकानात बहुतेक वेळा काहीच नाही. या महिन्याच्या टपालात ताकदीच्या गाड्यांच्या टायरचे प्रश्न बरेच आले. त्यातले हे पाच.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आहे. सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यावर समर टायर होते, साइज २२५/४० आर १८ ९२ वाय. एडिसन ते पार्सिपनी, जाऊन-येऊन रोज साधारण ६० मैल. वर्षात चार-पाच वेळा बर्फ पडतो. ऑल-सीझन घ्यावेत का, आणि घेतले तर काय बघून? दुकानदार फक्त ‘४५ हजार मैलांची वॉरंटी’ एवढंच सांगतो. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आधी समर टायर उतरवायचा विषय. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली गेला की समर टायरचं रबर कडक होऊ लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. गोठणबिंदूच्या बरंच खाली अशा टायरवर गाडी नुसती हलवली तरी नक्षीच्या ठोकळ्यांना चिरा जाऊ शकतात, आणि या चिरा वॉरंटीत धरत नाहीत. तुमच्याकडे नोव्हेंबर अखेरीपासून मार्चपर्यंत सकाळ अशीच असते. म्हणजे बर्फ चारच वेळा पडत असला, तरी थंडी चार महिने आहे, आणि टायर थंडी बघून निवडायचा.

आता ऑल-सीझन की दोन संच? बर्फ पडल्या दिवशी घरून काम करता येत असेल तर ऑल-सीझन पुरेत. हॉस्पिटलची ड्यूटी असेल, काहीही झालं तरी पहाटे निघावंच लागत असेल, तर मात्र वेगळ्या रिमवर विंटर टायरचा संच घ्या. जीटीआयला त्यासाठी १७ इंची रिम आणि २२५/४५ आर १७ टायर चालतात (२२५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ ही बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, १७ हा रिमचा व्यास इंचांत). १८ इंचीचा बाहेरचा व्यास ६३७ मिलिमीटर आणि याचा ६३४, त्यामुळे स्पीडोमीटरला अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. फक्त परफॉर्मन्स पॅकेजचे मोठे ब्रेक असतील तर ती रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागाला, घासत नाही ना, हे पैसे देण्याआधी लावून बघा.

ऑल-सीझन घ्यायचं ठरलं, तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन गोष्टी वाचा.

पहिली, बर्फाची खूण. ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ) ही अक्षरं नक्षीच्या आकारावरून मिळतात, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तर तो टायर दाबलेल्या बर्फावर प्रमाणित टायरच्या तुलनेत चाचणी पास झालेला असतो. पण अमेरिकेतली ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे, थांबण्याची किंवा वळण्याची नाही. काळ्या बर्फावर, म्हणजे डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर, हे चित्र तुम्हाला वाचवणार नाही. तुमच्या वर्गातल्या टायरमध्ये काँटिनेंटल एक्स्ट्रीमकाँटॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लसवर नुसतं एम प्लस एस असतं, मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ घेणार असाल तर ते चित्र आहे का, हे साइडवॉलवरच बघा.

दुसरी, ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा आकडा. मिशेलिनवर तो ५४०च्या आसपास असतो, काँटिनेंटलवर ५६०. हा आकडा कंपनी स्वतःच, १०० मानलेल्या एका प्रमाण टायरशी तुलना करून देते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून फार अर्थ निघत नाही. शेजारचं ‘एए’ म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावर मिळणारी पकड. वळणावरची पकड त्यात मोजलेली नाही, पाण्यावर तरंगणंही नाही.

तिसरी, ९२ वाय. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. ९२ च्या खाली उतरू नका. डब्ल्यू (२७०) चालेल. तुम्ही कुठे २७० ने जाणार आहात! पण अक्षर खाली जातं तसा बहुतेक वेळा टायरचा सांगाडाही मऊ होतो, आणि जीटीआयची मजा तिथेच जाते.

आता दुकानदाराचे ४५ हजार मैल. नवीन टायरच्या नक्षीच्या खाचांची खोली साधारण १०/३२ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर. कायद्याने बहुतेक राज्यांत २/३२ पर्यंत वापरता येतो, आणि वॉरंटीचं गणितही तिथपर्यंतचं. बर्फात मात्र ५/३२ च्या खाली टायर कामाचा राहत नाही. म्हणजे आठ भागांतले पाचच भाग बर्फाचे. ४५ हजारांतले साधारण २८ हजार. तुमचं कामावर जाणं-येणंच वर्षाला १५ हजार मैल भरतं, तेव्हा दोन हिवाळे भरवशाचे. तिसऱ्या हिवाळ्याआधी, ऑक्टोबरातच खोली मोजा. डीडब्ल्यूएसच्या नक्षीत याची सोय कोरलेली आहे : डी, डब्ल्यू, एस (ड्राय, वेट, स्नो) अशी तीन अक्षरं. एस घासून दिसेनासं झालं की बर्फ संपला, डब्ल्यू गेलं की पाऊसही. बाकी टायरसाठी २५ सेंटचं नाणं खाचेत उलटं घाला. वॉशिंग्टनच्या केसांना नक्षी लागत नसेल तर ४/३२ सुद्धा उरलेलं नाही.

बसवताना साइडवॉलवरची ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, स्वतः बघा. गर्दीच्या दिवशी एखादा टायर उलटा बसतोच. बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंचने आवळायला सांगा. एअर गनने ठोकून दिलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर निघत नाहीत. ५०-६० मैलांनी पुन्हा तपासा. पहिले ५०० मैल जरा सबुरीने घ्या, साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर घासून जाईपर्यंत पकड कमी असते. स्टिअरिंग आधीपेक्षा मऊ वाटेल, तो बिघाड नाही. ठोकळ्यांमध्ये बारीक चिरा असल्यामुळे ते हलतात. म्हणूनच हे टायर घेऊन ट्रॅकवर जाऊ नका, चार-पाच फेऱ्यांत ठोकळे तापून कडेने रबर तुटू लागतं.

हवेचं एक सगळे विसरतात. पारा दर १० फॅरनहाइट उतरला की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) उतरते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३८ असेल आणि ऑगस्टात ९० फॅरनहाइटला तुम्ही ३८ भरली असेल, तर जानेवारीत २० फॅरनहाइटला ती ३१ होते. आणि डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा? नियमाने तो २५ टक्के कमी झाल्यावर, म्हणजे २८.५ ला लागला तरी चालतो. तेव्हा दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं नाही. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओढणं, वळणं आणि बराचसा ब्रेक असं सगळंच येतं, म्हणून ५ ते ७ हजार मैलांनी पुढचे-मागचे बदलत राहा.

प्रश्न : सुबारू डब्ल्यूआरएक्स, मॅन्युअल, २३५/४५ आर १७. खड्ड्यात एका टायरची साइडवॉल फाटली. बाकीचे तीनही घासलेत, ७/३२ उरलेत. एकच नवीन टाकला तर? (मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : तसाच टाकू नका. हिशोब सोपा आहे. नक्षीच्या खोलीत १ मिलिमीटर फरक म्हणजे परिघात ६.३ मिलिमीटर. सुबारूच्या ऑल-व्हील-ड्राइव्हला परिघात पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची मर्यादा धरतात. थोडक्यात १ मिलिमीटर. तुमचा नवीन टायर १०/३२ चा, जुने ७/३२ चे, फरक २.४ मिलिमीटर. परिघात १५ मिलिमीटर, मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

होतं काय, तर नवीन चाक दर फेऱ्याला थोडं जास्त अंतर कापतं, म्हणून सरळ रस्त्यावरही ते बाकीच्यांपेक्षा हळू फिरत राहतं. मधल्या डिफरन्शिअलला (पुढच्या-मागच्या चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला) हे सतत वळणावर असल्यासारखं वाटतं. त्यातलं व्हिस्कस कपलिंग (दाट तेलावर चालणारा जोड) खास जोरात वळताना थोडा वेळ घसरू देण्यासाठी असतं, तासन्‌तास हायवेवर घसरण्यासाठी नाही. तेल तापतं, कपलिंग जाम होतं, आणि मग पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी अडखळत चालायला लागते. तिथपर्यंत गेलं की चार टायरच्या किमतीत भागत नाही.

उपाय दोन. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक नवीन घेऊन तो मशीनवर ७/३२ पर्यंत तासून घ्यायचा. नवा टायर तासणं जिवावर येतं, पण चार घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. किंवा चारही बदलायचे, आणि तुमच्याकडचा हिवाळा बघता ते ऑल-वेदर घ्यायचे. कॅनडात ऑल-सीझन आणि ऑल-वेदर हे दोन वेगळे माल आहेत. डोंगर-हिमकणाचं चित्र ऑल-वेदरवर असतंच, ऑल-सीझनवर क्वचित. तासण्याआधी तिन्ही जुन्या टायरची खोली आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजा. आतली कड जास्त गेलेली निघाली तर आधी अलाइनमेंट.

प्रश्न : नुकतीच जुनी बीएमडब्ल्यू ३ सिरीज घेतली. ऑल-सीझन आहेत, पण नुसतं एम प्लस एस लिहिलंय. हिवाळ्यात चालतील? (म्युनिक)

उत्तर : १ ऑक्टोबर २०२४ पासून नाही. जर्मनीत आता फक्त डोंगर-हिमकणाचं चित्र असलेला टायर हिवाळी धरतात. नियम तारखेला बांधलेला नाही, रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा लागू होतो. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा लोकांचा रिवाज, कायदा नव्हे. पकडलं तर ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गमध्ये, म्हणजे चालकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, एक पॉइंट, वाहतूक अडली तर ८०.

युरोपातला ऑल-सीझन मुळात हिवाळ्याकडे झुकलेला असतो, अमेरिकेतल्यासारखा उन्हाळ्याकडे नाही. ऑटोबानवर ऑगस्टात १८० ने ब्रेक मारलात तर तो मऊपणा जाणवेल. या गाडीला दोन संच घ्यावेत असं आमचं मत. जागा नसेल तर ‘राइफेनहोटेल’मध्ये, म्हणजे दुकानदाराच्या टायर-गोदामात, दुसरा संच सहा महिने ठेवता येतो.

प्रश्न : व्हर्टस जीटी, २०५/५५ आर १६ ९१ व्ही, ४२ हजार किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला वरचेवर जातो. दुकानदार म्हणतो, पावसाळ्यासाठी ऑल-सीझनच घ्या, शिवाय एक साइज रुंद टाका. (कोथरूड, पुणे)

उत्तर : दोन्ही सल्ले सोडून द्या. ऑल-सीझनचं रबर थंडीत मऊ राहावं म्हणून बनवतात. पुण्यात जानेवारीची पहाट फार तर काही दिवस ७-८ अंशांना टेकते, आणि मे महिन्यात डांबर हात लावू देत नाही. त्या डांबरावर बारीक चिरांचे मऊ ठोकळे हलतात आणि लवकर घासतात. हिमकण असलेला टायर पुण्यात म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर. आपल्याकडे मिळणारे बहुतेक चांगले टायर उन्हाच्याच हिशोबाने बनलेले असतात, भले दुकानदार त्यांना काही म्हणो.

पावसाला लागतात त्या रुंद उभ्या खाचा आणि त्यांची खोली. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण ताम्हिणीत जुलैमध्ये ३ च्या खाली जाऊ नका. खाच पाणी बाहेर फेकू शकली नाही की टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग अचानक हलकं होतं. विमानांच्या टायरवरून काढलेलं एक जुनं ढोबळ सूत्र आहे : पीएसआयच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणा, येतो तो टायर पाण्यावर चढण्याचा ताशी मैलांतला वेग. ३३ पीएसआयला सुमारे ९६ किलोमीटर, २४ ला सुमारे ८२. म्हणजे हवा कमी ठेवली की पकड वाढते हा समज ओल्या रस्त्यावर उलटा पडतो. रुंद टायरचंही तेच, जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. शिवाय २१५/५५ घातलात तर व्यास पावणेदोन टक्के वाढतो, आणि काटा १०० वर असताना गाडी पावणेदोन किलोमीटर जास्त जात असते. २०५/५५ आर १६ ९१ व्हीच ठेवा.

घेताना टायरवरच्या ‘डीओटी’ या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा, ती बनल्याची तारीख. १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित आहे, त्यामुळे काही परदेशी मॉडेलांचा जुना माल सवलतीत पुढे सरकवला जातो. वर्षापेक्षा जुना असेल तर घासाघीस करा, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर दुसरं दुकान. चाराऐवजी दोनच घेणार असाल तर नवीन मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढत असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरते. मागची सुटली तर ती फिरते, आणि ताम्हिणीत फिरायला जागा नाही.

प्रश्न : परफॉर्मन्स टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने हवा उतरत नाही म्हणतात. खरं का? (फोंडा, गोवा)

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापमानाने दाब जितका हवेचा बदलतो, तितकाच नायट्रोजनचा. झिरपण्यात थोडा फरक पडतो, महिन्याला हवा तपासणाऱ्याला तो कळणारही नाही. फुकट मिळत असेल तर भरा, आणि प्रवासात कमी झाली तर पेट्रोल पंपावरची साधी हवा बिनधास्त मिसळा.