नाशिकमध्ये छोटं ऑफिस करतोय. उघडं सीलिंग, काचेची केबिन, रोपांची भिंत हे सगळं करावं का?

गंगापूर रोडला ९०० चौरस फुटांची जागा, बारा माणसं आणि त्यातली निम्मी दिवसभर क्लायंटशी फोनवर, असं तुम्ही लिहिलंय. डिझायनर म्हणतो, हल्ली हेच चालतं. मीही नाशिकमध्ये ऑफिसांचीच कामं करतो, म्हणून थेट सांगतो: रोपांची भिंत नको, काच मोजकी ठेवा आणि उघडं सीलिंग हवंच असेल तर आवाजाचा खर्च आधी बाजूला काढा.

वर उघडा स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला काच. तिन्ही पृष्ठभाग कडक, आवाज शोषणारं काहीच नाही. अशा खोलीत सहा जण एकदम फोनवर बोलले की प्रत्येक जण आपला आवाज चढवतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांची डोकी दुखतात. फोटोत यातलं काही कळत नाही.

उपाय महाग नाहीत, फक्त मिरवण्यासारखे नाहीत. दोन बाय दोन फुटांच्या मिनरल फायबर टाइलचं ग्रिड सीलिंग आवाज बऱ्यापैकी शोषतं, पण बँकेसारखं दिसतं म्हणून लोक नाक मुरडतात. सपाट जिप्समचं फॉल्स सीलिंग दिसायला छान, पण बोलण्याचा आवाज ते जवळपास तसाच परत पाठवतं. उघडा स्लॅब ठेवायचाच असेल तर वर्कस्टेशनच्या बरोबर वर फेल्टचे बॅफल, म्हणजे आवाज शोषणारे उभे पट्टे, टांगा. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनणारे हे पेट फेल्टचे पॅनल सध्या खरोखर घेण्यासारखे आहेत. भिंतीवर लावायचे तर मागे इंचभर पोकळी ठेवून लावा, शोषण वाढतं.

आता केबिन. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. १२ मिमीची टफन्ड काच लावली तरी पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबलं असेल, तर आतलं बोलणं वरच्या पोकळीतून बाहेर येतं. पगारवाढीची चर्चा सगळ्या ऑफिसला ऐकू जाते ती अशी. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्यायला लावा, दाराखालची फट बंद करा. माझ्या मते तुम्हाला मोठ्या केबिनपेक्षा फोनसाठी दोन छोट्या बंद खोल्या जास्त उपयोगी पडतील.

सगळं मोकळं ठेवलं की माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, असं डिझायनर सांगेल. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये मोकळ्या ऑफिसात गेलेल्या दोन कंपन्या मोजून पाहिल्या. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. पण म्हणून जुन्यासारख्या खुराड्यांकडे परत जायचं कारण नाही. बसल्यावर डोळ्यांपर्यंत येईल एवढं कापड लावलेलं पार्टिशन पुरे.

रोपांच्या भिंतीला पाणी, निचरा, दिवे आणि नेमानं येणारा माळी लागतो. रोपं हवा शुद्ध करतात हे जे ऐकवलं जातं, ते नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून. पण तो बंद पेटीतला होता. खऱ्या इमारतीत तेवढा परिणाम मिळायला रोपांचं जंगलच लागेल, असं २०१९ च्या एका आढाव्यात निघालं. डोळ्याला बरं वाटतं म्हणून मात्र जरूर ठेवा. स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम कुंडीत ठेवा. आपल्याकडे नर्सऱ्यांना तोटा नाही, एखादं मेलं तर बदलता येतं.

जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर उघडं सीलिंग विसरा. एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब थेट डोक्यावर राहतो. पश्चिमेला मोठी काच असेल तर ऊन बाहेरच अडवणारी झाप किंवा पडदी आधी करा, आतले ब्लाइंड नंतर. कार्पेट टाइल मीटिंग रूमपुरतीच लावा. पावसाळ्यात चिखलाचे बूट सगळीकडे फिरतात. (भाद्रपदाआधी ढोलांचा सराव सुरू होतो, त्यावर कुठल्याच इंटिरियरमध्ये इलाज नाही. तो सहन करायचा.)

उंची बदलणारी टेबलं ज्याला पाठीचा त्रास आहे त्याच्यापुरती घ्या; बाकीचे पैसे चांगल्या खुर्च्यांवर घाला. बारा माणसांत ‘कुणीही कुठेही बसा’ हा प्रकार उगाच आहे. प्रत्येकाला चार्जर, डबा, देवाचा फोटो ठेवायला आपली जागा हवी असते. दिवे ४००० केल्विनचे (फार पिवळे नाहीत, फार निळसरही नाहीत), टेबलावर उजेड ५०० लक्सच्या आसपास. पॅन्ट्रीत नीट टेबल आणि दणकट एक्झॉस्ट पाहिजेच, नाहीतर मिसळ मागवली की तर्रीचा वास सोमवारपर्यंत राहतो.

थ्रीडी चित्रं बाजूला ठेवून डिझायनरकडे सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे जमिनीपासून स्लॅबपर्यंतचा उभा छेद दाखवणारं चित्र, मागा. पार्टिशन स्लॅबला टेकतंय का, बॅफल कुठे आहेत आणि एसीचं इनडोअर युनिट कुणाच्या डोक्यावर येतंय, हे त्यावर दिसलं की मगच अ‍ॅडव्हान्स द्या.