पोटरी रोज त्याच अंतरावर दुखते? मोजे काढून पायाची नाडी बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सासरे ६६ वर्षांचे, साखर १२ वर्षांपासून, बिडी चालू, तासगावजवळ द्राक्षबाग. बागेत चार-पाच ओळी फिरले की उजव्या पोटरीत गोळा येतो, बांधावर जरा थांबलं की जातो. नस दबली म्हणून दोन महिने गोळ्या आणि शेक चाललाय, उतार नाही. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की अंगठ्याला चपलेचं लागलेलं अजून भरलेलं नाही. ती ओळ खरं तर सगळ्यात वर हवी होती. तिच्याकडे येतोच.

मी डॉक्टर नाही. सांगलीतला निवृत्त शिक्षक, आणि याच दुखण्याचा पेशंट. संध्याकाळी गणपती मंदिराकडून आयर्विन पुलावर फिरायला जायचो. पुलावरच्या एका ठरावीक दिव्याच्या खांबाशी डावी पोटरी आवळून यायची. मग कठड्याला टेकून पाणी बघत उभा राहायचो. दोन-तीन मिनिटांत पाय मोकळा, पुन्हा चालू. सांगलीत पुलावर उभं राहून पाणी बघणाऱ्याचं कुणाला नवल नाही, पावसाळ्यात ४५ फुटांची धोका पातळी आली का बघायला निम्मं गाव येतं. मी मात्र भर मार्चमध्ये, नदी तळाला गेलेली असताना बघत होतो. शेवटी बायकोनंच विचारलं, रोज त्याच खांबापाशी काय असतं?

आपल्याकडे घोटाळा 'नस' या शब्दानं होतो. मज्जातंतू दबला तरी नस, पायावर निळ्या शिरा फुगल्या तरी नस, आणि पायाला रक्त नेणारी रोहिणी आतून चोंदली तरी नसच. तिन्ही दुखणी वेगळी. तुमच्या वर्णनावरून मला तिसऱ्याची शंका येते. डॉक्टर त्याला पेरिफेरल आर्टरी डिसीज किंवा नुसतं पीएडी म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत जो चरबी-चुन्याचा थर बसतो तोच पायात बसतो. बसल्या जागी पुरेल एवढं रक्त येतं. चालताना स्नायूला जास्त लागतं, ते मिळत नाही आणि पोटरी ओरडते. म्हणून अंतर जवळजवळ ठरलेलं असतं, आणि चढ लागला की ते कमी होतं.

मणक्यात मज्जातंतू दबल्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून बहुधा भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकलवर वाकून बसलेला मणक्याचा पेशंट बऱ्याचदा आरामात जातो. सासऱ्यांना बांधावर बसावं लागतं की नुसतं उभं राहिलं तरी पुरतं, हे नीट विचारा. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका.

घरी दोन्ही पाय उजेडात शेजारी ठेवून बघा. एक गार लागतो का, नडगीवरचे केस गेलेत का, कातडी तुकतुकीत दिसते का. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. आपल्याला सापडली नाही तर घाबरू नका, ती हात बसलेल्या माणसाचं काम आहे. रात्री पाऊल ठणकतं म्हणून ते पाय खाटेवरून खाली सोडून झोपत असतील, तर दुखणं बरंच पुढे गेलंय असं समजा.

माझे चार महिने वाया गेले. एका दवाखान्यात कमरेचा एक्स-रे काढला, दुसरीकडे रक्त तपासलं, पण मोजे काढा असं कुणी म्हटलं नाही. मिरजेला एका तरुण डॉक्टरांनी म्हटलं, आणि पुढचं सगळं अर्ध्या तासात कळलं. तपासणीचं नाव एबीआय. ना सुई, ना दुखणं. थोडा वेळ उताणं झोपवतात, दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं बीपी डॉपलरच्या छोट्या यंत्रानं घेतात. घोट्याचा वरचा आकडा भागिले दंडाचा. माझा दंडाचा १५०, डाव्या घोट्याचा ९६, म्हणजे ०.६४. एक ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याखाली आलं तर पीएडी. जाण्याआधी बिडी आणि चहा नको.

तुमच्या बाबतीत एक मेख आहे. जुन्या साखरेत रोहिण्या चुन्यानं कडक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो, कधी १.४ च्याही वर. त्यामुळे एबीआय नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजता येईल का विचारा. पुढे कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सांगितली तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आधी दाखवा, त्यातल्या औषधाचा किडनीवर भार येऊ शकतो.

आता ती जखम. साखर, बिडी, चालताना दुखणं आणि न भरणारी जखम एकत्र असताना द्राक्षांची छाटणी उरकू द्या, मग बघू असं करू नका. याच आठवड्यात मिरज किंवा कोल्हापूरला रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. रक्त पोचत नसेल तर मलम लावून जखम भरणार नाही. साखरेनं पाय बधिर असेल तर ती दुखणारही नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणतात यावर विसंबू नका. अंगठा काळा पडला, पू किंवा ताप आला, किंवा पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला, तर रात्र असली तरी निघा. तिथे हिशोब तासांचा असतो.

शेक आजच बंद करा. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. फुगलेल्या शिरांसाठी मिळणारे घट्ट मोजेही एबीआय झाल्याशिवाय घालू नका, आधीच कमी असलेलं रक्त आणखी अडतं.

उपचार डॉक्टर ठरवतील. मला रक्त पातळ ठेवणारी एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक, आणि तंबाखू बंद. तंबाखूनं सगळ्यात जास्त त्रास दिला, मळायची सवय हाताला होती, दोन महिने डावा तळवा नुसताच चोळत होतो. शिवाय चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. जखम आहे तोवर सासऱ्यांनी मात्र हे विचारल्याशिवाय सुरू करू नये. माझा आकडा अजून ०.६६ च आहे, पण तो खांब मागे पडला. आता सांगलीवाडीच्या टोकाला जाऊन येतो.

जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि साखरेचे जुने रिपोर्ट न्या. सासरे धोतर नेसत असतील तर बरंच, घट्ट पँट गुडघ्यावर चढवण्यातच माझी दहा मिनिटं गेली होती.